बॅरलमधल्या स्वस्त डिझेलमध्ये नेमकं असतं काय? (सांगली-सातारा)

बागायतदार_तासगाव
मंडळी नमस्कार. एरवी मी नुसता वाचतो पण आता डोकं फिरलंय म्हणून धागा काढतोय. आमच्या थोरल्या भावाची बीएस सिक्स (प्रदूषणाच्या नव्या नियमाची) पिकअप, द्राक्षं न्यायला-आणायला, ती चढाला दम धरंना, मग डॅशबोर्डवर दिवा लागला, मग एक दिवस चाळीसच्या वर पळायचंच बंद झाली. गॅरेजमध्ये फिल्टर उघडला तर आत काळपट चिकट लगदा. इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणारे नोजल, गेले म्हणतोय, सायलेन्सरमधली जाळी पण चोक. खर्च सांगत नाही, सांगितला तर तुम्ही पण बसाल डोकं धरून.
तेल कुठलं घातलं होतं तर थोडं हायवेच्या पंपावरचं आणि थोडं बॅरलचं. हा बॅरलचा धंदा आमच्या भागात आता जवळजवळ उघडच चालतो, पंपापेक्षा धा-बारा रुपये कमी, कुणी त्याला इंडस्ट्रियल डिझेल म्हणतं कुणी बायोडिझेल, वास डिझेलसारखा पण नाही आणि रॉकेलसारखा पण नाही. डंपर, जेसीबी, ऊसाचे ट्रॅक्टर सगळे तेच भरतात. मला तीन गोष्टी पाहिजेत, त्यात असतं काय, पंपावरच्या तेलात पण हेच येतं का, आणि बागेत ब्लोअर (ट्रॅक्टरवरचा फवारणीचा पंखा) मारताना ह्याचा जो धूर आम्ही दिवसभर खातो त्याचं पुढं काय होतं. राजकारण नको प्लीज.

वडाप_किंग
राव आमच्या टायमाला वडापच्या जीपा निम्म्या रॉकेलवरच पळायच्या. रेशनचं निळं रॉकेल, दुकानदाराशी सेटिंग, आणि वरनं जरा इंजिन ऑईल ओतायचं म्हणजे पंप सुकत नाही. पंधरा माणसं भरून विटा-सांगली मारायचो, काय झालं नाही गाडीला 😄

नोजलवाला_कुपवाड
@वडाप_किंग तुमच्या गाडीला झालं नाही कारण ती गाडी वेगळी होती. इंजिनात डिझेल ढकलणारा जुना इनलाईन पंप, कमी दाब, जाड प्लंजर, काय पण पचवायचा. आताच्या कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच जादा दाबाच्या नळीतनं तेल द्यायची पद्धत) तेल दीड-दोन हजार बार दाबानं इंजेक्टरमध्ये जातं आणि त्या पंपाला वंगण म्हणून दुसरं काही नसतं, डिझेल हेच वंगण. रॉकेल नायतर पातळ सॉल्व्हंट (कारखान्यात विरघळवायला लागणारं द्रव) मिसळलं की वंगण संपलं, धातूवर धातू घासतो, त्याचा बारीक कीस होतो आणि तो कीस पुढं चारही इंजेक्टरमध्ये जातो. म्हणून एक इंजेक्टर बदलून भागत नाही, पंपापासनं टाकीपर्यंत सगळी लाईन साफ करावी लागती.
बागायतदार दादा तुमच्या केसमध्ये लगदा काळा आणि चिकट आहे म्हणताय, म्हणजे पातळ नाही तर जड काहीतरी मिसळलेलं आहे. बेस ऑईल (ज्याच्यापासनं वंगण बनवतात ते), जळकं इंजिन ऑईल, नायतर टायरचं तेल. जड तेलाचा फवारा बारीक होत नाही, थेंब मोठे पडतात, अर्धवट जळतात आणि ती काजळी सगळी सायलेन्सरच्या जाळीत, म्हणजे डीपीएफमध्ये जाऊन बसती. गाडी ती काजळी स्वतः जाळायचा प्रयत्न करती पण रोज नवी भर पडली की कुठवर जाळंल. गिऱ्हाईक म्हणतं ती जाळी काढूनच टाका. काढली की गाडी पळती, आणि मग सगळी काजळी मागच्या माणसाच्या तोंडावर. मी काढत नाही, पण काढून देणारे आहेत, खोटं कशाला बोलू.

विहिरीतला_बेडूक
सगळं त्या इथेनॉलमुळं आहे. सरकारच भेसळ करतंय तिथं तुम्ही बॅरलवाल्याला काय धरताय. माझ्या बाईकचं ॲव्हरेज बघा कुठं गेलं.

रसायन_मास्तर_कराड
@विहिरीतला_बेडूक इथेनॉल पेट्रोलमध्ये असतं, दादांची गाडी डिझेलवर आहे, इथंच विषय संपतो. पण तुमचा मुद्दा अगदीच फुकट नाही. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं पडणारच. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या चारचाकींना ६-७ टक्के आणि दुचाकींना ३-४ टक्के घट धरलेली आहे. ज्यांचं निम्म्यानं पडलंय त्यांनी मात्र प्लग, एअर फिल्टर आणि स्वतःचा उजवा हात तपासावा.
इथेनॉलची खरी भानगड पाण्याची. ते पाणी ओढून घेतं, एका मर्यादेपर्यंत विरघळवून ठेवतं, मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलपासनं वेगळे होतात आणि टाकीच्या तळाला बसतात. पावसाळ्यात पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं आणि गाड्या पंपाबाहेर पन्नास फुटावर बंद पडल्या की लोक भेसळ भेसळ ओरडतात. तो निष्काळजीपणा आहे, दोषच आहे, पण तिथं कुणी मुद्दाम रॉकेल ओतलेलं नसतं. हा फरक करायलाच पाहिजे, कारण सगळ्यालाच भेसळ म्हणत बसलो तर ज्यानं खरोखर टँकरमध्ये घाण ओतली तो ह्या गर्दीत आरामात लपतो.
आता बॅरलबद्दल. रॉकेलचा जमाना बऱ्यापैकी संपला, कारण अनुदान गेलं. आधी रेशनचं रॉकेल आणि डिझेल यांच्या भावात एवढी दरी होती की मिसळणं म्हणजे नोटा छापणंच. आताची दरी टॅक्सची आहे. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, त्याच्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट. बेस ऑईल, सॉल्व्हंट वगैरे औद्योगिक माल जीएसटीत, म्हणून कागदावर तो कारखान्यासाठी येतो आणि रात्रीत डिझेल होऊन बॅरलमध्ये जातो. दोन टॅक्समधला फरक आहे ना, त्यातलेच धा-बारा रुपये तुम्हाला सूट म्हणून मिळतात, उरलेले कुणाला ते समजून घ्या.
बायोडिझेल म्हणाल तर खरं बायोडिझेल वेगळी चीज आहे, वापरलेलं खाद्यतेल वगैरेपासनं रासायनिक प्रक्रिया करून बनतं, आणि साध्या डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत मिसळायला मानकात परवानगी आहे. त्याच्या विक्रीचे केंद्राचे नियम २०१९ चे आहेत. बॅरलवर नुसतं बायो लिहिलं म्हणून आतला माल बायो होत नाही.

बागायतदार_तासगाव
मास्तर टायरच्या तेलाचं जरा सांगा, ते नोजलवाले म्हणाले ते.

रसायन_मास्तर_कराड
जुने टायर हवेशिवाय बंद भट्टीत तापवले की रबर फुटून तेल, वायू आणि काजळी निघते. ते काळं उग्र वासाचं तेल भट्टीचं इंधन म्हणून विकतात. रबर कडक करायला त्यात गंधक घातलेलं असतं, ते तेलात उतरतं, साधारण एक टक्क्याच्या घरात. आता हिशेब करा. एप्रिल २०२० पासनं जे बीएस सिक्स डिझेल मिळतं त्यात गंधक दहा लाखात जास्तीत जास्त १० भाग. त्याआधी बीएस फोरला ५० होतं, त्याच्या आधी ३५०. एक टक्का म्हणजे दहा लाखात १० हजार. शंभर लिटर चांगल्या डिझेलमध्ये एक लिटर टायरचं तेल टाकलं तरी गंधक दहाच्या जागी शंभराच्या वर जातं. रिफायनऱ्यांनी एवढे कोट्यवधी खर्चून जे काढलं ते एका डब्यानं परत आत. रॉकेलच्या मानकात पण गंधक ०.२५ टक्क्यापर्यंत चालतं, म्हणजे तेही काही कमी नाही. गंधक जळून बनणाऱ्या वायूपासनं हवेत बारीक सल्फेटचे कण होतात आणि गाडीतल्या धूर साफ करणाऱ्या यंत्रणेची धातूची पृष्ठं मरतात.
एक गंमत सांगतो. डिझेलमध्ये थोडं रॉकेल असलं तर दिसणारा धूर कधी कधी उलट कमी होतो. थंड देशात हिवाळ्यात डिझेल गोठू नये म्हणून तसलं हलकं तेल मिसळतात सुद्धा. म्हणजे पीयूसीच्या मशीनला गाडी पास. धूर काळा नाही म्हणजे तेल चांगलं, हे डोक्यातनं काढून टाका.

अनघा_सातारा
पीयूसीचं बोलूच नका, पोवई नाक्याला सिग्नलला उभं राहिलं की पुढच्या गाडीचा धूर थेट स्कार्फमधनं आत येतो आणि त्या गाडीवर पण स्टिकर असतंच की.
मला एक विचारायचंय, आमच्या अपार्टमेंटच्या जनरेटरला एकजण घरपोच डिझेल आणून देतो, छोटा टँकर आहे, मीटर आहे. ते पण बेकायदेशीर का? सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन तट पडलेत.

पंपवाला_हायवे
अनघाताई घरपोच डिझेल कायदेशीर आहे, पण कंपनीशी करार, स्फोटक विभागाचं लायसन आणि बिल पाहिजे. बिलावर पंपाचं नाव, घनता हे सगळं येतं. बिल देत नसेल तर मीटर असून उपयोग नाही.
आता मी डीलर आहे म्हणून शिव्या खायच्या तयारीनं लिहितो. आमच्या धंद्यात चोर आहेत. २०१७ ला उत्तर प्रदेशात चिप बसवून माप मारणारे पंप सापडले, नंतर आपल्या ठाण्याकडं पण सापडले. पण मापात मारणं वेगळं आणि तेलात मारणं वेगळं. मापाचा संशय आला तर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप प्रत्येक पंपावर असतं, मागा, तुमच्यासमोर भरून दाखवावं लागतं, फरक २५ मिलीच्या वर गेला की आमची बाजू संपली.
तेलाचं म्हणाल तर हजारवाडीच्या डेपोतनं टँकर निघतो तेव्हा चलनावर १५ अंश तापमानाची घनता लिहून येते. पंपावर उतरवायच्या आधी आम्ही हायड्रोमीटर बुडवून बघतो, तापमान घेतो, तक्त्यावरनं १५ अंशाला आणतो, फरक घनमीटरला ३ किलोच्या आत पाहिजे. पेट्रोल घनमीटरला ७२० ते ७७५ किलोमध्ये असतं. आजची घनता पंपावर लिहिलेली असते, कुणीही विचारू शकतो. विचारत कोण नाही, सगळे झिरो बघा झिरो बघा करतात आणि मोबाईलमध्ये बघत बसतात. रस्त्यात ढाब्यावर टँकर उभा करून तेल काढायचे प्रकार आधी फार होते, आता डिजिटल लॉक आणि जीपीएस आल्यापासनं कमी झालेत. बंद झालेत म्हणणार नाही.
आणि खरं दुखणं सांगू का, ह्या बॅरलवाल्यांनी आमचा डिझेलचा सेल खाल्लाय. आमच्यावर धाडी पडतात, नमुने घेतात, बॅरलवाला मात्र गोठ्यात मोटर लावून विकतोय.

रसायन_मास्तर_कराड
डीलरसाहेबांच्या बोलण्यात एक भर. घनता जुळली म्हणजे तेल शुद्ध असं नाही. रॉकेल पेट्रोलपेक्षा जड, नाफ्था-हेक्झेनसारखी सॉल्व्हंट हलकी, दोन्ही बेतानं मिसळली की काटा बरोबर जागेवर. भेसळवाल्यांना केमिस्ट्री येते, माझ्या वर्गात येत नव्हती ती पोरं नसतील ही 😀
फिल्टर पेपरची टेस्ट पण मर्यादितच. पेट्रोलचा थेंब टाकला की दोन मिनिटात उडून जायला पाहिजे, तेलकट डाग राहिला तर रॉकेल किंवा जड काहीतरी आहे. सॉल्व्हंट असेल तर तेही उडून जाईल आणि पेपर कोरा. डिझेलला ही टेस्ट लागूच नाही. शेवटी लॅबच.

ऊसवाला_वाळवा
सगळे शहाणे जमलेत. मी घेतो बॅरलचं, लपवत नाही. ट्रॅक्टर जुना आहे, त्याला कसला डीपीएफ आणि कसलं काय. ऊसाच्या वाहतुकीचा दर कारखाना ठरवणार, डिझेलचा दर कंपनी ठरवणार, ऊसतोड टोळीची उचल मी आधीच देऊन बसलोय, मधल्या मधी माझ्या हातात एकच गोष्ट आहे ती म्हणजे तेल कुठनं भरायचं. दिवसाला हजार रुपये वाचतात सीझनला. तुमच्या पर्यावरणानं माझा हप्ता भरा, उद्यापासनं पंपावर येतो.

पंपवाला_हायवे
हजार वाचतात हे पंप आणि नोजलचं काम निघेपर्यंत दादा.

ऊसवाला_वाळवा
जुन्या ट्रॅक्टरचा पंप दोन सीझनला एकदा करतोच मी, बॅरलचं घातलं तरी आणि तुमचं घातलं तरी. हिशेब करूनच बोलतोय.

मिरजेचा_डॉक्टर
धाग्यात उशिरा आलो. बागायतदारांनी धुराचं विचारलं होतं, ते बाजूलाच पडलं.
डिझेलचा धूर माणसात कॅन्सर करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं जून २०१२ मध्ये पहिल्या गटात टाकून जाहीर केलंय, म्हणजे शंकेला जागा नाही असा गट. हे चांगल्या डिझेलबद्दल पण आहे. भेसळीनं होतं काय की अर्धवट जळलेला माल वाढतो, म्हणजे बारीक काजळी, कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन. अडीच मायक्रॉनच्या खालचे कण नाकात-घशात अडकत नाहीत, फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जातात, त्यातले अगदी बारीक रक्तात पण उतरतात. म्हणून खोकला-दमाच नाही, हार्ट अटॅक आणि लकवा पण वाढतो. लोकांना हे सांगितलं की विश्वास बसत नाही, धूर नाकात गेला तर हृदयाला कसं काय. आपली सांगली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, प्रमाणाबाहेर धूळ असलेल्या शहरांच्या यादीत आहे हे किती जणांना माहितीये? दिल्लीच्या बातम्या बघून आपण बिचारे दिल्लीवाले म्हणतो.
ब्लोअरच्या बाबतीत, सायलेन्सरची तोंडं बऱ्याच ट्रॅक्टरना चालवणाऱ्याच्या नाकासमोरच असतात, बागेच्या ओळीत हवा खेळत नाही, आणि वर औषधाचा फवारा. तोंडाला बांधलेल्या टॉवेलनं ह्यातलं काही अडत नाही. एन ९५ मास्क कणांना चालतो, वायूंना नाही. बाहेर काढणारी नळी वर उंच करून घ्या, वेल्डिंगवाला तासात करून देईल.
पण मी ओपीडीत जे बघतो ते वेगळंच असतं. एक म्हणजे बॅरलमधनं तेल काढताना तोंडानं पाईप ओढणारे. घोटभर तेल पोटात गेलं तर इतकं वाईट नाही, पण श्वासाबरोबर चार थेंब फुफ्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो, आणि तो नेहमीच्या न्यूमोनियासारखा नसतो. असं कुणाचं झालं तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका, कारण वर येताना परत फुफ्फुसात जातं. सरळ दवाखाना. लहान पोरांच्या बाबतीत तर कोल्ड्रिंकच्या बाटलीत रॉकेल-डिझेल ठेवणं आधी बंद करा.
दुसरं गॅरेजमधली पोरं. पेट्रोलनं हात धुतात, पार्ट धुतात. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं, नियमानं १ टक्क्याच्या आत, पण भेसळीच्या सॉल्व्हंटमध्ये काय आहे ह्याला कुठला नियम. बेंझीन हाडातल्या मगजावर जातं, रक्त बनायची जागाच बिघडते, ब्लड कॅन्सर होऊ शकतो. हेक्झेन असेल तर हातापायाच्या नसा, मुंग्या येतात, पकड जाते. एकवीस-बावीस वर्षाचं पोरगं पाना हातातनं पडतोय म्हणून येतं आणि आपण मानेचा एक्सरे काढत बसतो.

नोजलवाला_कुपवाड
डॉक्टर साहेब हे शेवटचं वाचून आमच्या पोरांना बोलवून मोठ्यानं वाचून दाखवलं. साबण-भुसा होता पूर्वी हात धुवायला, आता कोण वापरत नाही. तोंडानं पाईप ओढायचं तर सगळेच करतो. दोनशे रुपयाचा हातपंप मिळतो त्याला.

माजी_अव्वलकारकून
पुरवठा विभागात नोकरी केली, थोडं लिहितो. लोक विचारतात अधिकारी धाडी का घालत नाहीत. २५ जानेवारी २०११ आठवतो का. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे, मनमाडजवळ पानेवाडीला टँकरमधनं तेल काढताना बघितलं, थांबले, तिथंच त्यांच्यावर तेल ओतून जाळलं, भर दिवसा. त्याच्याआधी २००५ ला उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरीला इंडियन ऑईलचे मंजुनाथ, आयआयएम शिकलेलं सत्तावीस वर्षाचं पोरगं, पंप सील केला म्हणून गोळ्या घातल्या. त्या जानेवारीनंतर ऑफिसात कितीतरी दिवस कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं आणि घरच्यांनी आम्हाला रात्रीच्या तपासणीला जाऊ दिलं नाही. घाबरलो होतो, का नाही घाबरायचं.
कायदा कमी नाही. जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा, त्याखाली पेट्रोल-डिझेलचा २००५ चा आदेश, सॉल्व्हंट गाडीत वापरू नये म्हणून २००० सालचा वेगळा आदेश. पण पंपाला लायसन आहे म्हणून त्याला धरता येतं. बॅरलवाल्याकडं काहीच नाही, आज इथं, उद्या पुढच्या वस्तीवर, आणि गावातलं कुणी पंच व्हायला तयार नाही कारण सगळेच गिऱ्हाईक. पंचनाम्यावर सही करणारा माणूस मिळाला नाही म्हणून हात हलवत परत आलोय आम्ही.
तक्रार करायची असेल तर तहसीलदार पुरवठा शाखेला लेखी द्या आणि पोच घ्या. पंपाची असेल तर कंपनीच्या अधिकाऱ्याचा नंबर पंपावर लावलेला असतो, शिवाय ग्राहक हेल्पलाईन १९१५. बिल जपा.

विहिरीतला_बेडूक
हे मनमाडचं माहीत नव्हतं मला.

बागायतदार_तासगाव
मंडळी एवढं मिळेल वाटलं नव्हतं. भावाला सगळा धागा वाचून दाखवला, तो म्हणतोय पंपाची तक्रार करू, पण बॅरलवाल्याचं नाव द्यायला तयार नाही, पावणा लागतो लांबचा. आता एक शेवटचं. गाडीची टाकी उतरवलीय, जवळजवळ तीस लिटर तेल निघालंय, ड्रममध्ये आहे. त्याचं करायचं काय?

नोजलवाला_कुपवाड
ओढ्यात ओतू नका एवढं करा, खाली विहिरी आहेत. थोडं स्वच्छ ॲल्युमिनियमच्या डब्यात घट्ट बंद करून वेगळं ठेवा, गॅरेजचं बिल आणि जुना फिल्टर पण टाकू नका. मात्र पंपाची तक्रार ह्या तेलावर टिकणार नाही, दोन्हीकडचं मिसळलेलं आहे, पंपवाला लगेच बॅरलकडं बोट दाखवंल. उरलेलं जळकं ऑईल गोळा करणारा परवान्याचा माणूस एमआयडीसीत येतो त्याला द्या, भाव नाही मिळायचा.

ऊसवाला_वाळवा
माणूस कशाला बोलवताय, मी येतो ड्रम घ्यायला. आमच्या ट्रॅक्टरला चालतंय.

बागायतदार_तासगाव
दादा, देणार न्हाई.